धागा: परदेशात पैसे न्यायचे कसे, सांभाळायचे कसे? (सांगली-साताऱ्याहून जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी)

हरिपूर_रोड
नमस्कार मंडळी. आई-बाबा आणि मामा-मामी असे चौघे डिसेंबरात थायलंड-व्हिएतनामला निघालेत, टूर कंपनीबरोबर. विमान, हॉटेल, जेवणखाण सगळं पॅकेजात. वरखर्चाला माणशी पन्नास हजार धरलेत. बाबांचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, मामांचं सहकारी बँकेत, शिवाय पतसंस्थेत ठेव. मामांचं म्हणणं, सगळे डॉलर रोख घ्यायचे आणि कमरेला बांधायचे. बाबांचं म्हणणं, कार्ड असताना रोकड कशाला वागवायची. दोघांचं काही जमेना. काय घ्यावं, कुठून घ्यावं आणि तिकडं सांभाळावं कसं, जाणकारांनी नीट सांगा.

विश्रामबाग
दोघंही अर्धे बरोबर आहेत. जोडप्यामागं एक लाख असतील तर निम्मे रोख डॉलर आणि निम्मे कार्डावर. कार्डंही दोन वेगळ्या बँकांची, एक बाबांकडं, एक आईंकडं. चोरीपेक्षा जास्त पैसा दर आणि शुल्कातच गळतो, म्हणून आधी ते सांगतो.

रोख डॉलरच का? व्हिएतनामचा डाँग आपल्याकडं सहजी मिळत नाही. थायलंडचा बाट मिळतो, पण खरेदी-विक्रीच्या दरात मोठी फट असते. डॉलर नेऊन तिथं बदलणं परवडतं. नोटा शंभराच्या मागा. बँकॉकच्या चलन बदलणाऱ्या दुकानांत ५० आणि १०० च्या नोटांना चांगला दर मिळतो, १, ५, १० च्या नोटांना कमी. काउंटरवरच एकेक नोट उलटीपालटी करून बघा. पेनानं काही लिहिलेली, शिक्का मारलेली, कोपरा फाटलेली असेल तर तिथल्या तिथं बदलून घ्या. आपल्याकडं अशी नोट चालून जाते, तिकडं सरळ परत करतात.

परवाना असलेल्याकडूनच घ्या, म्हणजे बँक किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला मनी चेंजर. सांगली-मिरजेत काय, साताऱ्यात काय, प्रत्येक शाखेत परकीय नोटा नसतात. शाखेत आठवडाभर आधी सांगून ठेवा आणि कोल्हापूर-पुण्याचा दरही फोनवर विचारा. विचारताना 'आजचा दर काय' असं विचारू नका. 'हजार डॉलर हातात पडायला सगळं धरून किती रुपये भरायचे' असं विचारा. मग कमिशन, डिलिव्हरी, जीएसटी सगळं बाहेर येतं. जीएसटी फार नसतो. २५ हजारांपर्यंत ४५ रुपये, ५० हजारांवर ९०, एक लाखावर १८०. कुणी हजार-पाचशे 'टॅक्स' सांगितला तर समजून जा. विमानतळावरच्या खिडकीतला दर सगळ्यात वाईट, तिथं नाइलाज असेल तरच.

पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असेल तिथं व्हिसा एवढी कागदपत्रं लागतात. प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून चलन घेता येतं. ५० हजारांपर्यंत रोख रुपये देऊन मिळतं, त्यावर चेक किंवा खात्यातून. पैसे ज्याचा प्रवास त्याच्याच खात्यातून गेलेले बरे, मुलाच्या खात्यातून दिले की बरेच ठिकाणी अडवतात. बहुतेक देशांसाठी एका फेरीला माणशी ३००० डॉलरपर्यंतच रोख नोटा मिळतात. तुमच्या चौघांना ते पुरून उरेल.

आणि हो, ओळखीच्या पेढीवरून पावतीशिवाय डॉलर घ्यायचे नाहीत, दर दोन रुपये कमी असला तरी. नोट खोटी निघाली तर दाद कुणाकडं मागणार? शिवाय तो व्यवहारच बेकायदेशीर.

बेदाणा
मामांच्या सहकारी बँकेच्या रूपे कार्डाचं काय? ते तिकडं चालेल का?

विश्रामबाग
आधी बँकेत विचारा. बऱ्याच सहकारी बँकांची रूपे कार्डं फक्त देशापुरती असतात. नुसतं 'चालतंय की' असं तोंडी ऐकून निघू नका, 'परदेशातल्या एटीएमला आणि दुकानात, दोन्हीकडं चालू आहे का' असं विचारा. पतसंस्थेचा तर प्रश्नच नाही, ती बँक नव्हे. मामांनी ठेवीतली रक्कम वेळेत काढून बँक खात्यावर घ्यावी. मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात तेही बघावं. निघायच्या आदल्या दिवशी पतसंस्थेत जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

पोवई_नाका
विश्रामबागकरांशी नव्वद टक्के सहमत. माझी भर घासायच्या मशीनबद्दल, कारण लोक सगळ्यात जास्त तिथंच फसतात, आणि तेही कायदेशीररीत्या.

दुकानदार कार्ड लावतो आणि मशीन तुमच्यापुढं करतो. पडद्यावर दोन आकडे. वर बाट, खाली रुपये. आपल्या माणसाला रुपये बघून बरं वाटतं, ओळखीचा आकडा दिसला की तो तेच बटण दाबतो. इथंच खिसा कापला जातो. रुपये निवडले की दर तुमची बँक ठरवत नाही, तिथली मशीनवाली कंपनी ठरवते, आणि त्यात आपला नफा घालते.

हिशेब बघा. सोपं जावं म्हणून बाट २.८० रुपये धरू. बिल १०,००० बाट, म्हणजे २८,००० रुपये. बाट निवडले तर साध्या कार्डावर बँकेचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क, ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. झाले २९,१५६. रुपये निवडले आणि मशीनवाल्यानं दरात ६ टक्के घातले तर २९,६८०. वर आपल्या काही बँका परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावरही १ टक्का आणि जीएसटी लावतात. ते धरून ३०,०३० च्या घरात. एका बिलामागं पावणेनऊशे रुपये फुकट गेले.

म्हणून चौघांनाही एकच वाक्य पाठ करायला लावा: 'लोकल करन्सी'. मशीन हातात घेऊन बटण स्वतः दाबायचं. दुकानदारानं परस्पर रुपये निवडले असतील तर पावतीवर 'आयएनआर' दिसेल. मग सही न करता तिथंच व्यवहार रद्द करायला सांगायचं आणि पुन्हा करायचा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, फक्त भाषा गोड असते. 'कन्व्हर्जनसह पुढे जा' आणि 'कन्व्हर्जनशिवाय पुढे जा'. नेहमी 'शिवाय'. नकार दिला की व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते, तसं होत नाही. पैसे येतातच.

एटीएमचा आणखी एक खड्डा: थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क लागतं. २,००० बाट काढले तर ११ टक्के गेले, २०,००० काढले तर १.१ टक्का. त्यामुळं थोडे थोडे काढायची आपली सवय इकडंच ठेवून जा. क्रेडिट कार्डानं तर एटीएममधून काढूच नका. व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं, शिवाय रोख काढल्याचं शुल्क वेगळं.

हरिपूर_रोड
दादा, हे फार उपयोगी. मग क्रेडिट कार्डच घ्यावं का? फॉरेक्स कार्डाचा (आधी परकीय चलन भरून मग वापरायचं कार्ड) एजंट मागं लागलाय.

पोवई_नाका
मार्कअप शून्य किंवा २ टक्के असलेलं क्रेडिट कार्ड असेल तर तेच उत्तम. डेबिट कार्डाच्या मागं आख्खं बचत खातं उघडं असतं. क्रेडिट कार्डावर वाद झाला तर पैसे निदान अजून आपल्याच खात्यात असतात.

विश्रामबाग
ज्येष्ठांच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं. फॉरेक्स कार्डात जेवढे भरले तेवढेच जाऊ शकतात, मागं ठेव नाही की पेन्शन नाही. ही एकच गोष्ट मला त्यात आवडते. पण एजंट जे सांगत नाही ते ऐका. कार्ड ज्या चलनात भरलंय त्याच चलनात खर्च केला तरच मार्कअप लागत नाही. डाँग या कार्डांवर सहसा नसतोच. डॉलर भरून डाँगमध्ये घासलं की 'क्रॉस करन्सी' शुल्क लागतं, बहुतेकांचं ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे व्हिएतनामसाठी स्वस्ताईचा मुद्दाच उरत नाही, राहते फक्त नुकसानाची मर्यादा. थायलंडसाठी बाट भरता येणारं कार्ड मिळालं तर ठीक.

घेतलंच तर पाकिटात दोन कार्डं येतात, मुख्य आणि राखीव. ती दोन्ही एकाच पर्समध्ये ठेवणारे लोक आहेत, म्हणून सांगतो: एक बाबांकडं, एक आईंच्या बॅगेत. हॉटेलच्या अनामतीला हे कार्ड देऊ नका. अडकवलेली रक्कम सुटायला आठवडे लागतात आणि तेवढे दिवस खर्चायला पैसे राहत नाहीत. एटीएमवर 'सेव्हिंग्ज' निवडून नाही झालं तर 'करंट' किंवा 'क्रेडिट' निवडून बघा. पिन मात्र तीनदा चुकवायचा नाही, कार्ड बंद पडतं.

बेदाणा
ओटीपी आणि यूपीआयचं पण सांगा की. आमच्याकडं आई-वडिलांच्या खात्याला पोराचा नंबर जोडलेला असतोय.

पोवई_नाका
बरोबर पकडलंत, हे घरोघरी असतं. दुकानातल्या मशीनवर आणि एटीएमला पिन लागतो, ओटीपी नाही. त्यामुळं नंबर पोराचा असला तरी रोजचा खर्च अडत नाही. अडतं ते ॲपमधली सेटिंग बदलताना. ती इथूनच करून निघायची.

२०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातच चालू असतं, परदेशी वापर आपण सुरू करायचा. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापराची चार वेगळी बटणं असतात: एटीएम, दुकान, टॅप, ऑनलाइन. पहिली दोन चालू, रोजची मर्यादा खर्चापुरती. टॅप ज्याचं त्यानं ठरवावं, ज्येष्ठांना मी बंद ठेवायला सांगेन. ऑनलाइन पूर्ण बंद. परदेशी संकेतस्थळावर बरेचदा ओटीपी मागतच नाहीत, कार्डाचा नंबर मिळाला की काम झालं. हॉटेलात कार्डाचा फोटो काढून घेतात, तेव्हा हे बंद असलेलं बरं. परत आल्यावर चारही बंद करायची.

फोनचं: भारतीय सिम काढून ठेवू नका. तिकडचं इंटरनेट ई-सिमवर किंवा दुसऱ्या खाचेत. सिम हललं की बँकेचं आणि यूपीआयचं ॲप पुन्हा पडताळणी मागतं. त्यासाठी तुमच्याच नंबरवरून मेसेज जावा लागतो, आणि रोमिंग सुरू नसेल तर तो जात नाही. म्हणून निघण्यापूर्वी रोमिंग सुरू, रिचार्जची मुदत परतीच्या पुढची, आणि भारतीय सिमवरचं डेटा रोमिंग बंद. ॲप तिकडं जाऊन काढून पुन्हा टाकायचं नाही.

यूपीआय: भूतान, नेपाळ, सिंगापूर, यूएई, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्समध्ये काही ठिकाणी चालतं, ॲपमध्ये 'इंटरनॅशनल' सुरू करून. तुमच्या दोन देशांत त्याच्या भरवशावर जाऊ नका.

वाईकर
आता कमरेच्या पट्ट्याबद्दल, मामांची बाजू घेतो. पट्टा चांगलाच, पण तो तिजोरी म्हणून. दुकानात सगळ्यांसमोर शर्ट वर करून पट्ट्यातून नोट काढली की पट्टा बांधून उपयोग काय? सकाळी खोलीतच दिवसाचे पैसे वेगळे काढून पुढच्या खिशात. पट्ट्यात मोठ्या नोटा आणि एक कार्ड. उरलेलं खोलीच्या लॉकरमध्ये, आणि चारही जणांचं एकाच लॉकरमध्ये नको. लॉकरचा आकडा ०००० किंवा खोली नंबर ठेवू नका. चेकआउटच्या सकाळी लॉकर विसरतो माणूस, म्हणून एक चप्पल आत ठेवायची. चप्पल घातल्याशिवाय खाली जाता येत नाही.

व्हिएतनामच्या नोटा घरूनच ओळखून जा. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची पण निळीच, दोन्ही प्लास्टिकच्या. पहिली साधारण ७० रुपयांची, दुसरी सतराशेच्या आसपास. संध्याकाळी टॅक्सीत दिवा मंद असतो, ड्रायव्हर घाई करतो आणि शहाळ्याच्या किमतीच्या जागी सतराशे जातात. उपाय सोपा. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात, आणि देताना आकडा मोठ्यानं म्हणून द्यायची. आईंना सांगा, शेवटची तीन शून्यं झाकायची. 'शंभर' उरले की साधारण साडेतीनशे रुपये.

हो ची मिन्ह सिटीत मोटारसायकलवरून पर्स आणि फोन ओढून नेतात. फुटपाथवर भिंतीकडून चालायचं, पर्स भिंतीकडच्या खांद्याला. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा बघायचा नाही. ओढलीच पर्स तर सोडून द्यायची, धरून ठेवली की माणूस फरफटतो.

बँकॉकात राजवाड्याबाहेर एखादा सभ्य माणूस येऊन सांगतो, आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो, टुकटुक स्वस्तात. शेवट रत्नांच्या दुकानात होतो. सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या जिल्ह्यातली माणसं आपण, दगडाला काय भुलायचं!

चलन बदलताना नोटा काउंटरवर मोजून घ्यायच्या. आपण मोजल्यावर त्यानं 'एक मिनिट' म्हणून गठ्ठा परत हातात घेतला, तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. शेवटचा हात आपला पाहिजे.

मिरज_जंक्शन
वाचनखूण साठवली. आमच्या ग्रुपचं मे महिन्यात युरोप आहे. तिथलंही थोडं टाका की काका.

वाईकर
थोडक्यात टाकतो. युरोपात रोख कमी, कार्ड जास्त. ५०० युरोची नोट घेऊ नका. ती २०१९ पासून नव्यानं काढत नाहीत आणि दुकानदार नाकारतात. स्वित्झर्लंडमध्ये युरो नाही, फ्रँक. पर्यटनाच्या ठिकाणी युरो घेतात, पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि दर त्यांचा. लंडनला जाणार असाल तर कुणी घरातल्या जुन्या कागदी पाउंडच्या नोटा देईल, त्या दुकानात चालत नाहीत. २० आणि ५० च्या शेवटच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर बाद झाल्या, आता बँक ऑफ इंग्लंडमध्ये बदलून मिळतात. लंडनच्या मेट्रोत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. जाताना कार्ड आणि येताना फोन केलं तर दोन अर्धवट प्रवास धरून जास्त पैसे कापतात.

प्रागमध्ये रस्त्यावर चांगला दर सांगणाऱ्याकडून काही बदलू नका, हातात दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा पडतात. दुकानात फसलात तर तिथल्या कायद्यानं १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो, पावती हवी. एटीएम बँकेच्या भिंतीतलं वापरा, आइस्क्रीमच्या दुकानाशेजारचं एकटं उभं मशीन नको. पॅरिस-रोमला खिसेकापू गर्दीच्या मेट्रोत, दार बंद होताना. सह्या घ्यायला कागद पुढं करणारी मुलं-मुली आली तर थांबायचंच नाही. साध्या कपड्यातला 'पोलिस' पाकीट दाखवा म्हणाला तर 'स्टेशनवर चला' म्हणायचं.

जर्मनीतला_कराडकर
विद्यार्थ्यांसाठी ब्लॉक्ड अकाउंटबद्दलही (जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) कुणीतरी लिहा. वर्षाचे ११,९०४ युरो एकदम भरावे लागतात...

धागापाल
अवांतर आहे, वेगळा धागा काढावा. इथं प्रवासापुरतंच ठेवू.

हरिपूर_रोड
सगळं करूनही काही हरवलं तर? आणि आम्ही इथून पैसे कसे पाठवायचे?

विश्रामबाग
पहिलं काम कार्ड बंद करणं. ॲपमधून एका मिनिटात होतं. ॲप नसेल तर बँकेला फोन, पण १८०० चा नंबर बहुधा बाहेरून लागत नाही. +९१ ने सुरू होणारा नंबर आधीच कागदावर लिहून घ्या. त्या कागदावर कार्डांचे शेवटचे चार आकडे, विम्याचा पॉलिसी नंबर आणि टूर मॅनेजरचा फोन. त्याची एक प्रत तुमच्याकडं. पिन आणि मागचे तीन आकडे कागदावर नकोत.

न केलेला व्यवहार दिसला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल, तर अशा वेळी ग्राहकावर भार येत नाही. चार ते सात दिवस लावले तर थोडा भार येतो, त्यापुढं बँकेच्या धोरणावर. पिन आपणच कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. तक्रार क्रमांक घ्या, घरी बसलेल्या माणसानं ईमेलही करावा. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून गेल्या, तर पावती आणि मशीनवरच्या क्रमांकाचा फोटो घ्या.

पासपोर्ट गेला तर आधी स्थानिक पोलिसांची नोंद, मग भारतीय दूतावास. व्हिएतनाममध्ये हनोईला दूतावास आणि हो ची मिन्ह सिटीत वाणिज्य दूतावास, थायलंडमध्ये बँकॉकला दूतावास. परतण्यासाठी 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देतात. तिथल्या इमिग्रेशनची परवानगी वेगळी लागते, म्हणून टूर मॅनेजरला सोबत न्या. पासपोर्टच्या रंगीत प्रती आणि दोन फोटो दुसऱ्याच्या बॅगेत ठेवले तर हे काम लवकर होतं.

इथून पैसे पाठवण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. मनी ट्रान्सफरचे बोर्ड लावलेली जी दुकानं आहेत, ती एमटीएसएस (मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम) योजनेखाली फक्त बाहेरून भारतात आलेले पैसे देतात, इकडून बाहेर पाठवत नाहीत. तुमच्या हातात सोपा मार्ग म्हणजे फॉरेक्स कार्डात इथून पुन्हा भरणा करणं. तो कसा करायचा, कोणाच्या खात्यातून चालेल, हे कार्ड घेतानाच विचारून ठेवा. नाहीतर चौघांत कार्डं वाटून ठेवलेलीच असतील. एकाचं गेलं तर तिघांची आहेत, तीच खरी सोय.

बेदाणा
टीसीएस, म्हणजे विकणाराच आगाऊ गोळा करतो तो कर, कापतात म्हणे वीस टक्के?

विश्रामबाग
या रकमेला नाही. प्रवासासाठी घेतलेल्या चलनावर एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांच्या पुढं गेलं तरच २० टक्के, एप्रिल २०२५ पासून. टूर पॅकेजवरचा टीसीएस वेगळा, तो टूर कंपनी कापते. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या प्राप्तिकर खात्याकडच्या कर-नोंदीत दिसतो. मामांचं उत्पन्न करपात्र नसेल तरी विवरणपत्र भरलं की परत मिळतो, न भरता मिळत नाही. पॅकेजच्या पावतीवर चौघांचे पॅन वेगवेगळे आणि बरोबर लिहिलेत ना, एवढं आत्ताच बघून घ्या.

हरिपूर_रोड
बघतो लगेच. आणि उरलेले डॉलर?

वाईकर
२००० डॉलरपर्यंत घरात ठेवता येतात, त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत परत विकायचे. पावती जपून ठेवा. बाट आणि डाँगच्या नाण्यांना-सुट्ट्यांना इथं कुणी हात लावत नाही, ते तिकडच्या विमानतळावर पाण्याच्या बाटलीत संपवा. आणि जाताना माणशी २५,००० पर्यंत भारतीय रुपये नेता येतात. त्यातले चार-पाच हजार बाजूला ठेवा, मुंबईला पहाटे उतरल्यावर सांगलीच्या गाडीला लागतात.